दिसला बिंदू की ओढ रेषा

काही माणसांना टपकता नळ बघवत नाही, काहींना भिंतीवरची तिरकी तसबीर. आलेखरावांना मोकळे ठिपके बघवत नाहीत. ग्राफपेपरवर पाच-सात ठिपके इकडेतिकडे बसलेले दिसले की त्यांचा हात शिवशिवू लागतो. त्यांच्यातून एखादी सरळ रेषा, ती नाही जमली तर वक्र, तोही नाही जमला तर नागमोडी का होईना, काहीतरी आरपार गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

आलेखराव हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण मल्लेश्वरमच्या मराठी घरांत ते इतकं रुळलंय, की हल्ली लग्नपत्रिकांवरही तेच येतं आणि त्यांची त्याला हरकत नसते. मूळचे बेळगावचे. बेंगळुरूला येऊन पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीला चिकटले, ते तिथलेच झाले. काम काय, तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरांचं कॅलिब्रेशन. सेन्सर बिचारा ओहममध्ये बोलतो, गिऱ्हाईकाला अंश सेल्सिअस हवे असतात. दोघांच्या मधे एक समीकरण उभं करून द्यायचं. कारकुनाला स्वप्नात फायली दिसतात म्हणतात. आलेखरावांना जागेपणी अक्ष दिसतात. आडव्या अक्षावर काय आणि उभ्यावर काय एवढं ठरलं, की त्यांच्या लेखी कुठलाही प्रश्न निम्मा सुटला. उरलेला निम्मा माउसचं उजवं बटण दाबलं की सुटतो.

हे गाव अशा माणसांना मानवतं. १९०९ साली सुरू झालेली आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असलेली विज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर, रामन यांची संस्था त्याच्या थोडं पुढे, विमानांची प्रयोगशाळा एकीकडे, अवकाशवाले दुसरीकडे. सकाळी सँकी तलावाभोवती फिरायला गेलं तर दर दहा माणसांमागे एक तरी ‘डेटा’ आणि ‘फिट’ असं पुटपुटत चाललेला भेटतो. त्यांतले बरेच जण घरी गेल्यावर माणसांत येतात. आलेखराव येत नाहीत.

त्यांच्या शबनममध्ये लॉग ग्राफपेपरची गुंडाळी आणि पिवळा पडलेला प्लास्टिकचा फ्रेंच कर्व्ह अजून असतो. पाकिटात गजाननाच्या फोटोमागे जर्मनीची दहा मार्कांची जुनी नोट असते. तिच्यावर गणिती गाऊसचं चित्र आहे आणि शेजारी त्याचा तो घंटेसारखा वक्र. युरो आल्यावर ती नोट चलनातून गेली, पण आलेखरावांकडे चालते. बस चुकली, चष्मा हरवला, मोलकरीण आली नाही, काहीही झालं तरी ते सेरेसची गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी नावाच्या इटालियन धर्मगुरूला आकाशात एक नवा ग्रह दिसला. जेमतेम सहा आठवडे त्याचा माग लागला, आणि मग तो सूर्याच्या उजेडात गडप झाला. चोवीस वर्षांच्या गाऊसने तेवढ्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढून दिली आणि वर्ष सरता सरता तो सापडलासुद्धा. “आणि तुम्हाला एक मोलकरीण सापडत नाही?” असं म्हणून वहिनी आत जातात.

त्यांचं खरं दैवत म्हणजे लीस्ट स्क्वेअर्स. रेषा ओढायची, प्रत्येक ठिपका तिच्यापासून कितीने चुकला ते मोजायचं, त्या चुकीचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज ज्या रेषेला सर्वांत कमी येईल ती खरी मानायची. ही रीत छापली लजांद्रने, १८०५ साली. चार वर्षांनी गाऊसने आपल्या ग्रंथात ‘ही तर मी १७९५ पासून वापरतो’ असं सांगितलं आणि लजांद्रचा भडका उडाला. आलेखराव या भांडणात ठामपणे गाऊसच्या बाजूचे आहेत. “लजांद्रची नोट दाखवा,” एवढंच त्यांचं म्हणणं.

वर्ग करण्यात एक गोम आहे. एककाने चुकलेल्या शंभर ठिपक्यांचा जेवढा आवाज, तेवढा दहाने चुकलेल्या एकट्याचा. एक रुसलेला जावई अख्ख्या वऱ्हाडाची बस थांबवून धरतो, तसा एखादा भरकटलेला ठिपका सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतो. यावर शहाणा माणूस त्या ठिपक्याची चौकशी करतो: वाचन चुकलं का, तार सैल होती का, की निसर्गालाच काही वेगळं सांगायचंय? आलेखराव चौकशी करत नाहीत. ते त्याला काढून टाकतात.

मेट्रो २०१४ साली पीण्यापर्यंत पोचली. त्याआधी ते बसने जात, आणि निघण्याची वेळ आडव्या अक्षावर, लागलेली मिनिटं उभ्यावर, अशी रोजची नोंद ठेवत. रेषा काही जमेना. मग त्यांनी पावसाचे दिवस काढले. मंत्र्यांचे ताफे काढले. मिरवणुका, फुटलेले पाइप, क्रिकेटचे सामने, मेट्रोचंच खोदकाम आणि यशवंतपूरच्या चौकात बसलेल्या दोन गायी काढल्या. शेवटी जे उरलं त्यातून रेषा अशी देखणी गेली, की बेंगळुरूत ट्रॅफिक नाही हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. त्यात उगादीची सुट्टी आणि काही रविवार तेवढे होते. पुढे मेट्रो आली, रोज तेवढाच वेळ लागू लागला आणि रेषा आडवी झोपली. नवीन सोय त्यांना मनापासून कधी आवडली नाही.

रेषा जिथे ठिपके संपतात तिथे थांबवायची असते, हेही त्यांना मान्य नाही. थोरला मुलगा जन्मला तेव्हा पन्नास सेंटिमीटर होता, पहिल्या वाढदिवसाला पंचाहत्तर. मधल्या बारा मोजमापांतून आलेखरावांनी बऱ्यापैकी सरळ रेषा काढली आणि ती अठराव्या वर्षापर्यंत लांबवली. वर्षाला पंचवीस, म्हणजे अठरा वर्षांत साडेचारशे. जन्माचे पन्नास मिळवून पाच मीटर. सोळा फुटांहून जास्त. बारशाला आलेल्या मावशीने पाळणा लहान पडेल म्हटलं होतं, तेव्हा ते हसले होते. आता त्यांनी घराचं छत मोजलं. वहिनींनी मात्र चड्ड्या नेहमीच्याच मापाच्या शिवल्या. मुलगा आज पाच फूट सात इंच आहे. आलेखरावांच्या मते त्याने सहकार्य केलं नाही.

पण त्यांची खरी कमाल दिसली २०२४ च्या उन्हाळ्यात. शहराचं पाणी आटलं, बोअरवेल कोरड्या पडल्या, आणि आमच्या सोसायटीत टँकरचं राज्य आलं. जानेवारी ते जून रोज सरासरी किती टँकर लागले याची यादी सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर लावली: दोन, दोन, तीन, सहा, नऊ, आठ. पुढच्या दोन महिन्यांसाठी पैसे किती गोळा करायचे, एवढाच प्रश्न होता. आलेखरावांनी आधी सरळ रेषा ओढली. आर-स्क्वेअर आला ०.८७. हा आकडा म्हणजे रेषा ठिपक्यांना किती जवळून जाते याची शाबासकी. एक म्हणजे पैकीच्या पैकी. ०.८७ वर समाधान मानणारे आलेखराव नव्हेत. त्यांनी घात वाढवत नेला. दुसरा, तिसरा, चौथा, आणि पाचव्या घाताला वक्र सहाच्या सहा ठिपक्यांतून सुईत दोरा ओवावा इतका अलगद गेला. आर-स्क्वेअर बरोब्बर एक. एक्सेल ट्रेंडलाइनला सहाव्या घातापर्यंत जाऊ देतं. सातवा का देत नाहीत यावर त्यांचं वेगळं मत आहे, ते असो.

सर्वसाधारण सभेत त्यांनी वक्र पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरीने विचारलं, “सार, जुलैला किती?”

“उणे दोन,” आलेखराव म्हणाले.

“आणि आगस्ट?”

“उणे सव्वीस.”

सभेत शांतता पसरली. कोणाला खोटं वाटत असेल त्याने कागद-पेन्सिल घेऊन फरकांचे फरक काढत जावं. गणितात एक आण्याची चूक नाही. सेक्रेटरी फार सज्जन. तो म्हणाला, “म्हणजे आपणच रोज सव्वीस टँकर भरून पाठवायचे? कोणाला पाठवायचे तेवढं सांगा, सार.”

हा वक्र ते कौतुकाने कचेरीत घेऊन गेले. तिथे त्यांच्या हाताखाली हुबळीची एक मुलगी नुकतीच रुजू झाली होती. मोठ्यांचा मान राखणारी, आवाज हळू, पण प्रश्न धारदार. तिने वक्र पाहिला आणि म्हणाली, “सर, सहा ठिपके आणि समीकरणात सहा आकडे. मग हे फिटिंग कसलं? यादीच दुसऱ्या अक्षरात लिहिली की आपण.” मग तिने मे आणि जूनचे ठिपके हाताने झाकले. उरलेल्या चारांतून तिसऱ्या घाताचा वक्र काढला. तोही तंतोतंत गेला, आर-स्क्वेअर एक. आणि त्याने जूनचे टँकर सांगितले बावीस. प्रत्यक्षात आठ. “सर, याला जून झाकला तर जमला नाही. ऑगस्ट कसा जमेल?” घात वाढवला की आर-स्क्वेअर कधी कमी होतच नाही, मग त्याची शाबासकी काय कामाची, असंही ती हळूच म्हणाली.

आलेखराव दुखावले. तिने त्यांना समजावायला म्हणून अँस्कम यांचं उदाहरण दाखवलं. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रत्येकी अकरा ठिपक्यांचे चार संच रचले. चारही संचांच्या सरासऱ्या सारख्या, चारही संचांतून जाणारी रेषा एकच, आर-स्क्वेअरही तोच. कागदावर काढून पाहिलं तर पहिला सरळ पसरलेला, दुसरा चक्क कमानीसारखा, तिसऱ्यात एक ठिपका भरकटलेला, आणि चौथ्यात दहा ठिपके एकावर एक उभे आणि अकरावा दूर एकटा. आकड्यांत सगळे जुळे भाऊ, चेहऱ्यात कोणी कोणाचं नाही. आलेखरावांनी चारही चित्रं बारकाईने पाहिली आणि विचारलं, “पण रेषा चारही वेळा गेली ना?”

मग तिने हत्ती काढला. १९५३ साली तरुण भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन आपलं गणित आणि प्रयोगाचे आकडे कसे छान जुळतात हे दाखवायला शिकागोला फर्मींकडे गेला. फर्मींनी विचारलं, समीकरणात मनाने ठरवलेले आकडे किती? चार. तेव्हा फर्मींनी आपला मित्र जॉन फॉन नॉयमान काय म्हणत असे ते ऐकवलं: चार आकडे मिळाले तर हत्ती बसवता येतो, आणि पाचवा दिला तर त्याची सोंडही हलवता येते. डायसनचा तो विषय तिथेच संपला. पुढे २०१० साली तिघा संशोधकांनी खरोखरच चार संमिश्र संख्यांत हत्तीची आकृती बसवून दाखवली आणि पाचवीने सोंड हलवली. ही गोष्ट आलेखरावांच्या काळजाला भिडली, पण भलत्याच जागी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गणेशोत्सवाच्या बैठकीत विचारलं, की पाच आकड्यांत गजमुख होत असेल तर मूर्तिकाराला एवढे पैसे का द्यायचे?

तरी काहीतरी आत झिरपलं असावं. ती मुलगी एकाच तापमानाला पुन्हा पुन्हा वाचन घेई. एकदा तापमान चढवत नेताना, एकदा उतरवताना. त्यामुळे सेन्सर स्वतःच किती डगमगतो ते कळे, आणि त्या डगमगीपेक्षा बारीक जुळणारा वक्र दिसला की ती संशय घेई. वक्र बसवल्यावर ती वक्राकडे पाहतच नसे. प्रत्येक ठिपका वक्राच्या किती वर, किती खाली, तेवढंच वेगळं काढून त्याचा दुसरा आलेख करी. रेसिड्युअल प्लॉट. तो नुसता सांडलेल्या मोहरीसारखा दिसला तर ठीक. त्यात कमान, लाट, उतार काहीही दिसलं की समीकरण चुकलं. आलेखरावांनी आयुष्यभर जुळलेलं तेवढं पाहिलं होतं. न जुळलेलं पाहायचं असतं, ही कल्पनाच त्यांना नवी. महिनाभराने ते घरी म्हणाले, “अगं, उरलंसुरलं फार महत्त्वाचं असतं.” वहिनी म्हणाल्या, “काल फोडणीचा भात कशाचा खाल्लात?”

दिवाळीच्या तोंडावर या नव्या दीक्षेचं उद्यापन करायचं त्यांनी ठरवलं. रव्याच्या लाडवांचा पाक दरवर्षी वहिनी अंदाजाने करतात, हे त्यांना शास्त्राचा अपमान वाटे. एका पुस्तकात एकतारी पाकाला १०६ अंश लिहिलेले त्यांना सापडले. घरात थर्मिस्टर होता. तापमान वाढलं की याचा रोध घटतो, पण सरळ रेषेत नाही. त्यासाठी स्टाइनहार्ट आणि हार्ट यांनी १९६८ साली दिलेलं तीन आकड्यांचं समीकरण वापरतात. तीनच आकडे. सहा नाही, हे त्यांनी आम्हाला मुद्दाम सांगितलं.

थर्मासमध्ये बर्फाचा चुरा, तो शून्य. गॅसवर खळखळतं पाणी, ते शंभर. मधले बिंदू दोन्ही पाणी मोजून मिसळून: निम्मं निम्मं म्हणजे पन्नास, एकास तीन म्हणजे पंचाहत्तर किंवा पंचवीस. प्रत्येक वाचन पुन्हा पुन्हा. एकही ठिपका काढला नाही. आर-स्क्वेअरमध्ये नवांची रांग लागली, पण त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. रेसिड्युअल काढले आणि ते मोहरीसारखे सांडलेले पाहून त्यांचे डोळे पाणावले. पाक चढला. १०६ आले, गॅस बंद. लाडू असे झाले, की तोंडात घालताच विरघळावेत. आठव्या क्रॉसपासून अठराव्यापर्यंतच्या मराठी घरांत डबे पोचले, प्रत्येक डब्याबरोबर आलेखाची प्रत.

एक डबा कचेरीत गेला. मुलीने लाडू खाल्ला, आलेख पाहिला आणि विचारलं, “सर, उकळतं पाणी किती धरलंत?”

“शंभर.”

“बेंगळुरूत?”

आलेखरावांचा घास घशात अडकला. हे गाव समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. हवेचा दाब कमी, म्हणून इथलं पाणी सत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. त्यांनी पन्नास धरलेलं खरं साडेअठ्ठेचाळीस होतं, पंचाहत्तर धरलेलं पावणेत्र्याहत्तर. फूटपट्टीच ताणलेली, म्हणून सगळे ठिपके सारख्याच प्रमाणात चुकलेले. त्यामुळे वक्र सुरेख बसला आणि रेसिड्युअलनाही पत्ता लागला नाही. ठिपक्यांची आपसातली भांडणं रेसिड्युअल सांगतात; सगळ्यांनी मिळून केलेली चूक ते सांगू शकत नाहीत.

आलेखरावांनी त्याच रात्री कॅलिब्रेशन दुरुस्त केलं. तुळशीच्या लग्नाला पुन्हा लाडू. या वेळी उपकरण निर्दोष, १०६ म्हणजे खरे १०६. त्या लाडवांनी वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा दात गेला. बाकीच्यांनी ते फोडायला वरवंटा घेतला.

पाच दिवस त्यांना झोप नाही. शेवटी उलगडा त्या मुलीनेच केला. पुस्तकातले १०६ समुद्राकाठचे. इथे पाणी तीन अंश आधी उकळतं, तसा पाकही तीन अंश आधी एकतारी होतो, म्हणजे १०३ ला. दिवाळीला खरे १०३ होते तेव्हा ताणलेल्या फूटपट्टीने १०६ दाखवले. उपकरण चुकलं, पुस्तक चुकलं, दोन चुका एकमेकींत जिरल्या आणि लाडू बरोबर झाले. आता उपकरण सुधारलं, पुस्तक तसंच राहिलं, आणि पाक तीन अंश जास्त कढला.

हे सगळं त्यांनी वहिनींना अक्ष काढून समजावलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चिमटीत पाकाचा थेंब धरून बोटं दूर केली. मधे एक तार उभी राहिली. “तार बघायची होती तर तारच बघायची,” त्या म्हणाल्या. “ताप कशाला बघत बसलात?”

इतकी वर्षं रेषा ओढणाऱ्या माणसाला कोणी याहून सोप्या शब्दांत मापनशास्त्र शिकवलं नसेल. आलेखराव बराच वेळ गप्प होते. आम्हाला वाटलं, सुधारले. मग त्यांनी शबनममधून ग्राफपेपर काढला. आडव्या अक्षावर पाकाचं तापमान, उभ्या अक्षावर लाडवाचा कडकपणा. दिवाळीचा एक ठिपका, तुळशीच्या लग्नाचा एक. पट्टी ठेवली, रेषा ओढली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“बघ, दोन्हींतून अगदी तंतोतंत गेली! आता फक्त तिसरा बिंदू हवा.”

“रवा डब्यात आहे,” वहिनी म्हणाल्या, “भाजा आणि वळा.”